कुणाचाच नसलेला कॅप्टन

नव्या टेनिस बॉलचा रबरी वास आला की मला दौंडमधलं रेल्वे रुळांलगतचं ते खडबडीत मैदान आठवतं. शिरूरहून येऊन कुरकुंभच्या एका कारखान्यात लागलो, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. दौंडात खोली घेतली होती, पण ओळख अशी कुणाशीच नव्हती. कंपनीच्या क्रिकेट टीममध्ये प्लांटवाले आणि मेंटेनन्सवाले अशा दोन पार्ट्या होत्या. एकमेकांचा कॅप्टन त्यांना चालेना, म्हणून कुणाचाच नसलेल्या मला कॅप्टन केलं. त्या मैदानावरच्या पहिल्याच मॅचमध्ये शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना आठ रन हवे होते आणि दोन्ही पार्ट्यांचे बॉलर हात पुढं करून माझ्यासमोर उभे राहिले. एकाला दिला तर दुसरा दुखावणार, या भीतीनं मी स्वतःच बॉल टाकायला गेलो. पहिल्या दोन बॉलला दोन सिक्स बसले. मैदानाबाहेर पडताना सगळे मिळून मला शिव्या घालत होते. मी मान खाली घालून चाललो होतो, तेवढ्यात आमचे वयस्क फोरमन आप्पा म्हणाले, "आरं, ही पोरं आज पहिल्यांदाच एका सुरात बोलत्यात, ते बी तुझ्यामुळं!" सगळे खो खो हसले आणि कुणीतरी खांद्यावर हात टाकून मला चहाला ओढलं. संध्याकाळी एसटीडीवरून घरी फोन केला. आईनं नेहमीचंच विचारलं, "करमतंय का रं तिथं?" मी म्हणालो, "व्हय." उत्तर रोजचंच होतं, पण त्या दिवशी मी खोटं बोलत नव्हतो, हे आज इतक्या वर्षांनीही आठवतं.