झाकणाला हात लावू नका

आमच्याकडं मे महिन्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. असल्या उन्हात, छावणीतल्या आमच्या घरी, मी तरुणपणी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला. भंगारातले सुटे भाग, पत्र्याची पेटी आणि पडद्याला शेजाऱ्याचा कृष्णधवल टीव्ही. अख्ख्या मराठवाड्यातला पहिलाच! कुणाला शंका असेल तर त्यानं समोर यावं.

तापायचा मात्र लई. देवगाव रंगारीहून आलेल्या मेहुण्यानं त्यावर ओला टॉवेल टाकला, तो इस्त्रीसकट वाळून निघाला. मग मी मशीन कूलरपुढं मांडलं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाय, तरी कूलरचा वाळा मी भिजवायचोच. आंघोळीवाचून घर थांबेल, विज्ञान कसं थांबेल? मशीन मूळ संख्या शोधत बसायचं आणि मला दम निघायचा नाय. निवलं का बघायला घडीघडी झाकण उघडायचो, आत बोट लावायचो, की ते गपकन बंद!

"अहो, असा भातसुद्धा शिजत नाय," बायको म्हणायची. रांगती लेक टाळ्या पिटायची.

तीच लेक आता पुण्याच्या प्रयोगशाळेत क्वांटम कॉम्प्युटरवर संशोधन करते. तिचं मशीन सोनेरी झुंबरासारखं, भल्या मोठ्या पिंपात बंद. अवकाशाहून थंड झाल्याशिवाय कामालाच लागत नाय. नवाबाचे नखरे सगळे.

गेल्या महिन्यात भर दुपारी तिचा फोन आला. "पप्पा, थंडी अडकलीय. तापमान कालपासून खालीच येईना. आत बिघाड असला तर पिंप उघडावं लागेल. पण उघडलं की सगळं गरम, पुन्हा निवायला कितीतरी दिवस, आणि सोमवारी मशीन दुसऱ्या गटाकडं जाणार. माझा प्रयोग गेलाच म्हणायचा. काय करू?"

माझे पाय ठरेनात. कूलर ते दार, दार ते कूलर. तेवढ्या चालीत कन्नडला जाऊन आलो असतो.

"उघड! बघितल्याशिवाय कळंल कसं? उघड अन् बोट लाव!"

"बोट तिथंच राहील, पप्पा."

"मग दुसऱ्या कुणाचं लाव!"

ती हसली आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत मी आमचा फ्रीज इतक्यांदा उघडला की दुधाला घाम फुटला.

"त्यात लेकीचं मशीन हाय का?" बायको कडाडली. "लावा ते दार!"

दिवेलागणीला फोन वाजला. "उतरलं, पप्पा! बिघाड नव्हताच, निवायला वेळ लागत होता फक्त. प्रयोग सुरू केला."

"उघडलंस ना?"

"नाय हो. तुम्ही उघड म्हणालात, तेव्हाच पक्कं झालं, झाकणाला हात लावायचा नाय. त्यासाठीच तर तुम्हाला फोन केला."

बायको भिंतीला टेकून हसत होती. मी चपला घातल्या आणि छावणीच्या बाजारात सांगून आलो: पुण्याचं एवढं मोठं मशीन अडलं होतं, आपल्या एका शब्दावर चाललं. कोणता शब्द, ते कुणी विचारलं नाय. मीही थांबलो नाय.

आता प्रयोगाचा निकाल यायचाय. फोन करून नुसतं विचारावं म्हटलं, तर बायकोनं माझा मोबाईल पिठाच्या डब्यात घालून वरून झाकण लावलंय, आणि त्यावर स्वतः बसलीय.