वेशीतला म्हातारा

चष्मेवाल्याचं दुकान रविवारी बंद असायचं, म्हणजे पुढून. मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्रावर चादर टाकून आणि शेजारच्या टेबलावर फासे मांडून तो दुपारभर गावं वसवायचा.

खेळ तसा सोपा. एकजण सूत्रधार, तो जग सांगतो. बाकीचे त्या जगात एकेक माणूस होऊन हिंडतात, आपण काय करणार ते बोलून दाखवतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. त्यात राक्षस असतात, जादू असते, तलवारी असतात. घाई तेवढी नसते, कारण एकेक मोहीम वर्षानुवर्षं चालते. चष्मेवाला सूत्रधार होता. दिवसभर लोकांच्या नाकावर जड चौकट ठेवून "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" असं विचारणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा स्वतःलाही काही दिसावं असं वाटलं, तर त्यात गैर काय?

त्याचा जीव गावांवर होता. राक्षस तो विकतच्या पुस्तकांतून उचलायचा, पण गावं घरची. झाकोळ नावाच्या गावात खालच्या आळीत नदीचं पाणी शिरायचं, म्हणून दुकानदार माल वरच्या फळीवर ठेवायचे, आणि म्हणून तिथली गिऱ्हाइकं मान वर करूनच घासाघीस करायची. दिवे लावणारी बाई आणि भट्टीवाला एकमेकांशी बोलत नसत. का, ते चष्मेवाल्याला ठाऊक होतं आणि कुणीतरी ते विचारावं म्हणून तो टपून बसला होता. कुणी विचारत नव्हतं. परक्या घरात संडास शोधत जावं तसे खेळाडू त्याच्या गावांतून सरळ पलीकडे जायचे. एक गाव तर त्यांनी चुकून जाळलं, आणि पुढच्या रविवारी त्याचं नाव काय होतं यावरून त्यांच्यात वाद झाला.

खेळाडू तिघं. पहिली त्याची मोठी बहीण; घरात सुरीला धार नाही म्हणून कुरकुरणारी ताई इथे तलवार चालवायची. दुसरा लिफ्ट दुरुस्त करणारा दोस्त, तो जादूगार व्हायचा आणि कुठलाही मनोरा दिसला की आधी वर जायची सोय काय ते विचारायचा. तिसरे भावोजी, ताईचे यजमान. ते अलीकडे येऊ लागले होते. म्हणजे आणले जात होते.

भावोजींनी विमा कंपनीत जन्म काढला. दावा खरा की बनावट, हे शोधणं त्यांचं काम. जळालेल्या गोदामातली राख हुंगायची, बुडालेल्या मालाची चौकशी करायची, आणि घडाघडा बोलणाऱ्यावर सगळ्यात आधी संशय घ्यायचा. ते निवृत्त झाले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हं."

"हे काही विचारतच नाहीत रे आता," ताई एकदा दुकानात येऊन म्हणाली. "परवा मी मुद्दाम उशिरा घरी गेले. कुठे होतीस म्हणून विचारलं नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

"मग बरंच की."

"बरं कसलं? मी उत्तर तयार करून गेले होते." तिने काउंटरवरची एक फ्रेम उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "मला भीती वाटते रे. रविवारी आणते त्यांना. एक प्रश्न विचारायला लाव. एकच."

भावोजींना चोराची भूमिका दिली. पहिले काही रविवार तो चोर झोपून होता. मग एकदा मंडळी परत झाकोळला पोचली.

"वेशीतला म्हातारा तुमच्याकडे बघतो," चष्मेवाला म्हणाला.

पंखा घरघरत होता आणि लिफ्टवाला बिस्किट चावत होता. भावोजींचा एक डोळा उघडला.

"वेशातला?"

"वेशीतला म्हातारा."

"तेच म्हणतोय मी. कुणाच्या वेशातला?"

चष्मेवाला खुलासा करणार, तेवढ्यात ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने खुलाशाऐवजी बिस्किट तोंडात घातलं.

खरं सांगायचं तर तो म्हातारा म्हणजे कुणीच नव्हता. वेस रिकामी दिसू नये म्हणून चष्मेवाल्याने, दारात कुंडी ठेवावी तसा, तो तिथे बसवून ठेवला होता.

"पायात काय आहे त्याच्या?" भावोजींनी विचारलं.

"जोडे."

"नवे की जुने?"

"नवे," चष्मेवाला सहज बोलून गेला आणि पस्तावला.

"बसून राहणाऱ्याला नवे जोडे कशाला लागतात?" असं म्हणून भावोजींनी खुर्ची पुढे ओढली.

त्यानंतर ज्याला मारायला मंडळी निघाली होती तो डोंगरातला राक्षस डोंगरातच राहिला. ताईच्या मते म्हातारा म्हणजे गादी सोडलेला राजा. लिफ्टवाल्याच्या मते ड्रॅगन.

"खोकताना धूर येतो का?"

"नाही."

"दाबून धरतोय लेकाचा."

भावोजींचं मत नव्हतं, तपास होता. त्यांनी गावभर चौकशी केली, दिवे लावणारीला बोलतं केलं आणि जाता जाता तिच्या नि भट्टीवाल्याच्या भांडणाचं कारणही काढून घेतलं. ते सांगताना चष्मेवाल्याने चहा गार होऊ दिला. घरीही खिडकी सुटली. "काल वाण्याकडून यायला जरा वेळ झाला, तर पावती मागितली मला," असं ताई दुकानात येऊन तक्रारीच्या सुरात सांगून गेली. इतकी खूश ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती.

अडचण एवढीच, की चष्मेवाल्याचा एक नियम होता: टेबलावर खोटं बोलायचं नाही. फासा पडेल तो मान्य, आणि गावात जे आहे ते आहे.

"करून टाक की त्याला राजा," ताई म्हणाली. "तुझ्या खिशातलं काय जातंय?"

"मग उद्या दिवे लावणारीही राणी निघेल. सगळेच कुणीतरी निघाले तर गावात राहणार कोण?"

"आणि तू खरं सांगितलंस आणि हे परत खिडकीत जाऊन बसले तर?"

चष्मेवाल्याने पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

पुढच्याच रविवारी भावोजींचा चोर सरळ वेशीत जाऊन म्हाताऱ्यासमोर बसला. म्हणजे भावोजी चष्मेवाल्याकडे रोखून बघू लागले.

"आडून आडून पुरे झालं. कोण आहेस तू?"

फासा टाकून वेळ मारून नेता आली असती. चष्मेवाल्याने तो हातात घेतला आणि परत ठेवला. मग म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी वेशीतला. तुम्ही वेशातला ऐकलंत. ही वेस, म्हणून मी वेशीतला. इथे सावली असते, म्हणून बसतो. बाकी काही नाही."

लिफ्टवाल्याचं बिस्किट चहात पडलं, ते काढायचं कुणाला सुचेना. ताईने नवऱ्याकडे पाहायचं टाळलं आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला घेतला. भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"असं," ते म्हणाले.

"हो," म्हातारा म्हणाला.

"जन्मभर मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलो. इतकं बिनचूक, वर व्याकरणासकट उत्तर एकाच प्रकारचा माणूस देतो. घोकून बसलेला."

"अहो भावोजी, तो खरंच..."

"तू गप्प रे. तुला तरी काय माहीत? त्याने जेवढं सांगितलं तेवढंच ना?"

आपण बनवलेल्या माणसाबद्दल आपल्यालाच काय माहीत, हे चष्मेवाल्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आणि प्रामाणिकपणे बघितलं तर फारसं काही माहीत नव्हतं.

"संध्याकाळी वेस बंद झाली, की हा जातो कुठे?" भावोजींनी विचारलं.

चष्मेवाल्याने डोळे मिटले. झाकोळातल्या प्रत्येक दुकानाची फळी त्याला पाठ होती, पण हे त्याने ठरवलंच नव्हतं. ताईचं तक्ता वाचणं थांबलं.

"उठतो," तो सावकाश म्हणाला. "गावात शिरत नाही."

"मग?"

"तटाच्या कडेकडेने डावीकडे जातो. भराभर. वयाच्या मानाने बराच भराभर."

"डावीकडे काय आहे?"

"परवापर्यंत तरी काही नव्हतं," चष्मेवाला डोळे न उघडताच म्हणाला. "भावोजी, जरा लवकर चला. नजरेआड होईल तो."