साडूंच्या लेखावरचा माझा आक्षेप

माझे थोरले साडू देवासच्या शाळेत शास्त्र शिकवीत आणि मी धारच्या. सासुरवाडीला पहिला पाट त्यांचा, तूपही त्यांच्याच पानात जास्त. मला ते कधी सहन झालं नाही.

त्या सुमारास बिनतारी संदेश समुद्रापार जाऊ लागले होते. पृथ्वी गोल, लहरी सरळ जाणाऱ्या. मग त्या पलीकडे पोचतात कशा, हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. पुण्याच्या एका संपादकांनी त्यावरचा लेख माझ्याकडे तपासायला पाठवला. लेखकाचं नाव कापून टाकायचं आणि तपासणाऱ्याचं कोणाला कळू द्यायचं नाही, असा त्यांचा रिवाज होता. पण मी लेखक ओळखला. लहरी आकाशात उंच कसल्याशा थरावर आपटून खाली येतात, बावडीत मारलेली हाक परतते तशा, असं त्यात होतं. तशी बावडी, पायऱ्यांची खोल विहीर, देवासच्या टेकडीखाली साडूंच्या घरामागेच होती.

लेख चांगला होता. पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वेळी पोटात जास्त दुखलं. हे मला का सुचू नये? आता सासरेबुवा तो अंक गावभर मिरवणार!

शेवटी एक खोट सापडली. दिवसा न पोचणारे संदेश जहाजांना रात्री मिळतात, असं मी वाचलं होतं. मग दिवसा हा थर जातो कुठे? एवढंच विचारलं, खाली 'लेख छापू नये' असं ठणकावलं आणि त्या दिवशी चार घास जास्त जेवलो.

काही महिन्यांनी साडू पेढे घेऊन धारला आले. लेख छापून आला होता, आणि चांगला लांबलचक. संपादकांनी त्यांना फक्त माझा प्रश्न कळवला होता. उन्हानं थराखालची हवा बिघडते, लहरी तिथंच जिरतात, रात्री वाट मोकळी होते, असं उत्तर त्यांनी जोडलं होतं. त्यानंच लेखाला वजन आलं होतं. शेवटी अनाम परीक्षकाचे आभार.

"काय बढिया माणूस असेल, भिया! त्यानं विचारलं नसतं तर मला हे सुचलंच नसतं," साडू म्हणाले.

बायकोनं पेढ्यांची ताटली माझ्यापुढे सरकवली. "अहो, तुम्हालाही असं काही विचारायला सुचू द्या की कधीतरी!"

तो परीक्षक मीच, असं सांगितलं असतं, तर 'छापू नये' हेही सांगावं लागलं असतं. मी पेढा उचलला.

साडूंवर मी आधीपासून जळत होतोच. त्या दिवसापासून त्या परीक्षकावरही जळतो.