बँकेचा फोन

मुलुंडला आमच्या घराच्या मागच्या रस्त्यावर एक सहकारी बँक आहे. बाबा तिचे सुरुवातीपासूनचे सभासद. ते तिला कधी नुसतं बँक म्हणत नसत, 'आपली बँक' म्हणत. विक्रोळीच्या कारखान्यात होते तेव्हा पगार दुसऱ्या मोठ्या बँकेत जमा व्हायचा. तो तिथून काढून हे गृहस्थ आपल्या बँकेत नेऊन टाकत. का, तर काउंटरवरचा कॅशियर आमच्या देवगडकडचा होता आणि पैसे मोजता मोजता गावचा पाऊस विचारायचा. वार्षिक सभेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जात आणि भेट मिळालेला स्टीलचा डबा घेऊन येत. आमच्या घरात डाळ, रवा, सुया-दोरे, सगळं त्या डब्यांतच राहतं.

पुढे कॅशियर निवृत्त झाला. शाखा पहिल्या मजल्यावर गेली. वर एसी आला, काचा आल्या, लिफ्ट मात्र आली नाही. ज्यांच्या पेन्शनी तिथे आहेत त्यांचे गुडघे कसे असतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं. बाबा कठडा धरून, मध्ये थांबत वर जात आणि घरी येऊन सांगत, "मस्त गार केल्यानी हा."

गेल्या वर्षी आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. तेव्हा ती घरातल्या घरात भिंत धरून चालत होती. त्यासाठीच ठेवलेली मुदत ठेव बाबांनी मोडली आणि पैसे बचत खात्यात घेतले. डॉक्टरांनी तारीख दिली. आणि नेमकं तेव्हाच बँकेने केवायसीचं काढलं. केवायसी म्हणजे आपण आपणच आहोत हे बँकेला पुन्हा पटवून द्यायचं. नाही पटलं तर खातं बंद.

बाबा आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन जिना चढले, तर सर्व्हर डाऊन. पुन्हा गेले, तर मॅडम जेवायला गेलेल्या. मग झेरॉक्सवर सही राहिली होती. ती केली, तर फोटो जुना. प्रत्येक वेळी काचेआडून एकच उत्तर, "उद्या या काका." मान वर करून कुणी म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

आणि मग एका दुपारी फोन आला. मी आता मालाडला राहते, त्यामुळे हे सगळं मला आईकडून कळलं. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत म्हणाला, "नमस्कार काका, आपल्या बँकेतून बोलतोय. तुमचं केवायसी राहिलंय."

बाबा लगेच उठून चपला शोधायला लागले. "येतो ना साहेब. जिना चढायचा म्हणजे जरा वेळ लागतो, पण येतो."

"छे छे, तुम्ही कशाला जिना चढताय? मी फोनवरच करून देतो. बसा निवांत."

बाबा बसले. त्यांनी आईला हाक मारली, "अगो, बँकेतसून फोन इलो हा!" त्या माणसाने आईची तब्येत विचारली, ऑपरेशनची तारीख विचारली, काळजी घ्या म्हणाला. मग कार्डावरचे आकडे विचारले. मग मोबाईलवर आलेले आकडे विचारले. बाबांनी चष्मा लावून एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला आणि वर धन्यवाद म्हणाले. आतून आई ओरडली, "त्येका म्हण, कधीतरी च्या घेवक ये."

गुडघे गेले. दोन्ही.

ओटीपी कुणाला सांगू नये, हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही. मेसेजमध्येच लिहिलेलं असतं आणि त्यांनी ते वाचलंही होतं. पण त्यांच्या हिशेबी 'कुणाला' म्हणजे परक्याला. हा तर आपल्या बँकेतला.

आम्ही हेल्पलाइनला कळवलं, पोलिसांत गेलो. पण पैसे गेल्याचं बाबांनी आम्हाला सांगायलाच दोन दिवस लावले होते आणि तोवर ते कुठल्या कुठे पोचले होते. मॅनेजर म्हणाला, "काका, ओटीपी तुम्हीच दिलात ना? मग आम्ही काय करणार?" या वेळी मान वर करून म्हणाला. नियमाने तो बरोबरच असेल. मला त्या चोराचा जेवढा राग आला त्याहून जास्त त्या मॅनेजरचा आला, आणि तो अजून गेलेला नाही. ऑपरेशन पुढे ढकललं. मी पैसे जमवते आहे.

मग यंदा बँकेने सभासदांसाठी सायबर जागृती मेळावा घेतला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी त्या दिवशी मुलुंडलाच होते. म्हटलं, "कशाला जाताय बाबा?" तर म्हणाले, "सभासद आसय मी." मीही सोबत गेले. हॉलमध्ये अध्यक्षांचा फोटो फसवणुकीच्या माहितीपेक्षा मोठा होता. पुष्पगुच्छ झाले, दीपप्रज्वलन झालं. मग एक तरुण अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवत बोलला. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, फसलात तर त्याच क्षणी तक्रार करा. सगळं खरं होतं. शेवटी तो म्हणाला, "एक लक्षात ठेवा. बँक तुम्हाला कधीही असा फोन करत नाही. कुणाला काही विचारायचंय?"

बाबांनी हात वर केला. त्यांच्या हातात माईक आला.

"मी बँकेचा सुरुवातीपासूनचा सभासद," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. "बँक फोन करत नाही म्हणालात. ते मला माहीत होतं. इतक्या वर्षांत कधी केलाच नाही. पण मला वाटलं, एवढ्या वेळा जिना चढून आलो, एकदा तरी केला असेल."

लोक हसले. अधिकारीही हसला आणि म्हणाला, "काका फार विनोदी आहेत." बाबांनी माईक परत दिला. दाराशी डबे वाटत होते. ते त्या रांगेत थांबले नाहीत.

घरी पोचलो आणि बेल वाजवली. आतून भिंतीला हात घासत येणारी आई ऐकू येत होती. दार उघडायला तिला बराच वेळ लागला. तिने बाबांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"यंदा डबो नाय दिल्यानी?"

बाबा चपला काढत म्हणाले, "तू आधी बस गो."