माझी चूक वाजवणारा सुधाकर

मी सोळाव्या वर्षीच जाणार होतो.
सुधाकर काल गेला.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट आहे. आम्ही दोघं इंदोरा वस्तीतले, एकाच वर्गातले.

गणिताचे सर पेपर वाटताना सर्वांत कमी मार्कांपासून सुरुवात करायचे. नाव आलं की उभं राहायचं. तास संपेपर्यंत उभंच.
पेपर मिळणार म्हटलं की मी आदल्या दिवसापासून शाळा बुडवायची कारणं शोधायचो.

संध्याकाळी मात्र आम्ही गल्लीतल्या बँडमध्ये शिकायला जायचो. तो क्लॅरिनेट, मी साईड ड्रम.
मी नेहमी एक ठोका आधी वाजवायचो.

तिथे शिकवणाऱ्या वस्तादांचा एक नियम होता. जो चुकेल त्याची चूक सगळ्या बँडने एकदा वाजवायची.
मग सगळे मिळून एक ठोका आधी. धडाम!

"लग्नाआधी बारसं केलं गा यानं!" वस्ताद म्हणायचे.
सगळे हसायचे. मीही.
"चला, पहिल्यापासून."

शाळेत चुकायला घाबरणारा मी तिथे कधीच घाबरलो नाही.

मॅट्रिकचा रिझल्ट पेपरात आला. पास झालेल्यांत माझा नंबर नव्हता.
मी घरी गेलो नाही. 'शुक्रवारी' नावाच्या तलावावर गेलो.
चपला काढून पायऱ्यांवर बसलो. पाण्याची भीती वाटत होती. पण बाबांच्या तोंडाकडे बघायची त्याहून जास्त वाटत होती.

मागून सुधाकरचा आवाज आला.
"काहून बसला गा इथं? कवाचा शोधून राहिलो तुले."
"घरी कसा जाऊ? बाबा जीव घेतीन माझा."

तो शेजारी बसला. पायरीवर हाताने ताल धरला आणि एक ठोका मुद्दाम आधी मारला.
माझी चूक.
मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.

"तुझा नंबर?" मी विचारलं.
"पाहिलाच नाही. आधी तुले शोधाले आलो."

नंतर पाहिला. त्याचाही नव्हता.

त्याने माझ्या चपला माझ्यासमोर ठेवल्या. "चाल. पहिल्यापासून."
घरापर्यंत माझा हात सोडला नाही. बाबांसमोरही नाही.

मी ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झालो, पुढे नोकरीला लागलो. त्याने बँड सांभाळला. पण ती भीती माझ्यातून पूर्ण कधी गेली नाही. कुठलाही रिझल्ट म्हटलं की अजून उघडून बघवत नाही. मग मी त्याला फोन करायचो. तो "हॅलो" म्हणायचा नाही, नुसता टेबलावर ठोका मारायचा.

काल त्याच्याच बँडच्या पोरांनी त्याला वाजवत नेलं. मी ड्रम मागून घेतला.
एक ठोका आधी पडला.

मी थांबलो. वाट पाहिली.

कोणी थांबलं नाही. माझी चूक कोणी वाजवली नाही.

मला भीती वाटते आहे, सुधाकर.

जयभीम, मित्रा. भरल्या मनाने निरोप.