सरळ हातात गेलेले फटके

मालिनीताईंना जयदेव पहिल्यापासून खटकत होता. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात माल तपासून निवृत्त झालेल्या बाईला, न तपासताच माल नापास करणारा माणूस आवडणार कसा? अंबरनाथ पूर्वेच्या मुलींच्या बेसबॉल क्लबात तो कोच, ताई स्कोअरर. प्रत्येक चेंडूचं काय झालं ते त्या वहीत लिहायच्या.

बदलापूरकडच्या गावातून येणारी अंजनी गेल्या वर्षी क्लबाची सगळ्यात भरवशाची बॅटर होती. यंदा सहा सामन्यांत ती चोवीस वेळा बॅटिंगला आली, आणि हिट, म्हणजे धावत पहिला बेस गाठून देणारे फटके, फक्त तीन.

"हिला बाहेर बसवतोय," जयदेव सरावात सगळ्यांदेखत म्हणाला. "डोक्यात हवा गेलीय. जा, गावाला भात लाव."

अंजनीने बॅट खाली ठेवली. ताईंनी वही त्याच्यापुढे धरली. "वाच. चेंडू हुकून स्ट्राइकआउट दोनच वेळा. तेरा फटके सणसणीत, त्यातले अकरा थेट फील्डरच्या हातात. गेल्या वर्षीही ती असंच मारायची, तेव्हा चेंडू मोकळ्या जागेत पडायचे. सहा मॅचवर काय ठरवतोस?"

"मॅडम, तुमचं काम लिहायचं. नशीब-बिशीब मला सांगू नका." त्याने वही बाकावर भिरकावली.

त्याच आठवड्यात ताईंनी क्लब सोडला आणि अंजनीला उल्हासनगर कॅम्प चारच्या क्लबात नेलं. तिथल्या कोच उमाने वही शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "उरलेल्या नऊ मिळमिळीत फटक्यांपैकी सात अंगापासून लांब, बाहेरच्या चेंडूंवरचे. हे कुणी बघितलं नाही?"

ताईंना ते झोंबलं. सुटलं होतं त्यांच्याच नजरेतून.

अंजनी बाहेरचे चेंडू सोडायला शिकली. पुढच्या आठ सामन्यांत अकरा हिट, त्यातल्या तीन अंबरनाथविरुद्ध. तो सामना संपल्यावर जयदेव हसत ताईंकडे आला.

"पोरीला छान तयार केलंत."

"ती आधीही अशीच होती. भात लाव म्हणालास, त्याबद्दल तिच्याकडे माफी माग."

"अहो, मस्करी होती ती."

अंजनी मागेच उभी होती. "सर, आमची शेती आहे," ती म्हणाली. "भात मी दरवर्षी लावते. मस्करी कशाची?"

जयदेवने हसतच ताईंपुढे हात केला. त्यांनी तो घेतला नाही. दोघी रिक्षाकडे चालू लागल्या.