दाराकडं बघायचं न्हाय

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई जुन्या मराठी विनोदी सिनेमांत नायिकेची भांडखोर मावशी व्हायच्या. पदर दाराच्या कडीत अडकायचा, बाई मागं ओढल्या जायच्या आणि समोर असेल त्यालाच झापायच्या. सगळी कारकीर्द त्यांनी या एका अडकण्यावर काढली. अजूनही आम्ही दोघी चाटी गल्लीत साडी घ्यायला गेलो की दुकानदार म्हणतो, "मावशी, एकदा अडका की." बाई अडकतात, सगळं दुकान हसतं आणि मी दोघींच्या पिशव्या धरून उभी असते.

तेही चालवून घेतलं असतं. पण लकवा मारल्यापासून आमचे हे बोलत नव्हते की हसत नव्हते. चार महिने मी भरवत होते, अंग पुसत होते. एकदा बाई विरजण मागायला आल्या, जाताना आमच्याच कडीत अडकल्या आणि हे खळखळून हसले. मी आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

"लई सोपं हाय," बाईंनी मला जिन्यात सांगितलं. "अडकल्यावर दाराकडं बघायचं न्हाय. चूक समोरच्याचीच हाय, असं धरून चालायचं."

दुसऱ्या दिवशी ह्यांच्यासमोर मी पदर कडीत अडकवला. झटका बसला, तोल गेला आणि माझी नजर नेमकी दाराकडं गेली. हे हसले नाहीत. जड जिभेनं, चार महिन्यांत पहिल्यांदाच, म्हणाले, "लागलं का?"

ते दोन शब्द मी बाईंना अजून सांगितलेले नाहीत. सांगणारही नाही.